वाट मागायची राहिली

एफुवा मावशी स्वतःच्या बापाच्या घरी पाहुण्यासारखी आली, तेव्हाच अराबा हातातलं काम टाकून दाराशी आली.

एरवी मावशी यायची ती मागच्या दाराने. चपला एकीकडे, पिशवी दुसरीकडे, आणि हात सरळ रश्श्याच्या पातेल्यात. आज मात्र चर्चमधून ती पुढच्या दाराने आली, व्हरांड्यात बसलेल्यांशी उजवीकडून सुरुवात करून ओळीने हात मिळवले आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. तोंडातून अवाक्षर नाही. पाहुण्याने आधी पाणी प्यायचं, मग घरच्यांनी येण्याचं कारण विचारायचं, आणि मगच त्याने बोलायचं, ही रीत परक्यांसाठी. घरची लेक ती पाळायला लागली की समजावं, काहीतरी जड घेऊन आलीय.

"अराबा, पाणी आण," आई म्हणाली. "विद्यापीठ आलंय घरी."

आईचा हा टोमणा कोपऱ्यातल्या पाम झाडालासुद्धा कळला असता. मावशी विद्यापीठाच्या अभ्यासक्रम समितीची अध्यक्ष. मंगळवारी समितीची बैठक आणि बैठकीपुढे एकच विषय: गावसत्र ठेवायचं की काढायचं. इंजिनिअर व्हायचं असो की वकील, पदवीच्या आधी प्रत्येकाने एक मोठी सुट्टी कुठल्यातरी गावात, कुणाच्यातरी घरात काढायची. ते घर करतं ते काम करायचं, ते घर खातं ते खायचं. शेवटी घरधन्याने विद्यापीठाला तोंडी सांगायचं, पोर पूर्ण झालं की नाही. तो 'पूर्ण' म्हणाला नाही तर बाकी सगळ्या विषयांत पैकीच्या पैकी मिळवा, काळा झगा अंगावर चढत नाही. विद्यापीठात असताना हा नियम ज्यांनी केला ते अराबाचे आजोबा, नाना, आत्ता वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांना ऐकू येतं की नाही, हे त्या त्या दिवशीचा विषय काय आहे त्यावर ठरायचं.

आणि अराबाच्या नावापुढे गावसत्रात 'अपूर्ण' असा शेरा होता.

रसायनशास्त्रात ती वर्गात दुसरी. उत्तरेला तामालेत मुलींच्या शाळेने तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली; फक्त पदवी घेऊन ये, म्हणाल्या होत्या मुख्याध्यापिका. मंगळवारी गावसत्र निघालं की शेराच निघाला, पुढच्या महिन्यात पदवीदान. नाही निघालं तर पुढची मोठी सुट्टी येईपर्यंत थांबा, आणि तामालेची जागा काही तिच्यासाठी वर्षभर रिकामी राहणार नाही. इकडे एबो मामाने तर पदवीदानासाठी सगळ्या घराला एकाच कापडाचे कपडे शिवून घेतले होते. निळ्यावर पिवळी अननसं. नानांचासुद्धा सदरा तयार होता.

मावशी पाणी प्यायली. मामाने घसा साफ केला. पाच मालमोटारींचा मालक. कुठेही चार माणसं बसली की बोलायचं काम आपलं, असं त्याला लहानपणापासून वाटत आलंय.

"इथे सगळं शांत आहे," तो रीतीप्रमाणे म्हणाला. "येण्याचं कारण तुझ्या तोंडात आहे."

"वाईट काही आणलं नाही," मावशी म्हणाली. "हात जोडून एवढंच सांगायला आलेय की मंगळवारपर्यंत या घरातून मला कुणी फोन करू नये."

"मी फोन केला तो तब्येत विचारायला."

"तब्येत विचारलीस. मग विचारलंस, हात वर करताना खांदा दुखत नाही ना."

"वय झालं की दुखतो खांदा."

"एबो, समितीत हात वर करून मत देतात हे तुला माहीत आहे. उगाच डॉक्टर होऊ नकोस."

आईने मध्ये तोंड घातलं. आज आई आणि मामा एका बाजूला होते, आणि हे आजीच्या मयतीनंतर पहिल्यांदाच घडत होतं. "एफुवा, ती तुझीच मुलगी आहे. माझ्या आधी तू तिला पाठीवर बांधलंस. हात वर करायला तुला असं काय ओझं आहे?"

"तेच ओझं आहे." मावशीने पेला खाली ठेवला. "ऐका. गावसत्र काढावं हे माझं मत आजचं नाही. अराबा शाळेत होती तेव्हापासूनचं आहे. सुट्टीत काम करून फी भरणारी मुलं असतात, त्यांची कमाई बुडते. कुणाला धड घर मिळतं, कुणाला गळकं. इंजिनिअरिंगवाले म्हणतात आम्हाला त्या जागी गणित हवं, आणि ते खोटं बोलत नाहीत. तीन बैठका झाल्यात यावर. पण आता मी हात वर केला तर लोक म्हणतील, भाचीसाठी केला. नाही केला तर म्हणतील, बापासाठी नाही केला. माझं स्वतःचं मत कुठे गेलं, हे कुणी विचारणारच नाही."

"मग अध्यक्षपदावरून ऊठ," आई म्हणाली.

"उठत होते. समितीत उभी राहून सांगितलं की माझ्या बहिणीची मुलगी यात अडकलीय. तर सगळे हसले. म्हणाले, मॅडम, ज्याच्या घरचं पोर यात आहे त्याने उठून जायचं म्हटलं तर खुर्च्याच तेवढ्या उरतील."

नानांच्या मिशा हलल्या. झोपेत हलल्या असतील.

अराबा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आपल्याविषयी चाललेलं बोलणं आपल्यासमोर ऐकायचं म्हणजे न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकवून बसण्यासारखं. आपलं डोकं, पण हात दुसऱ्याचे. तिला बोलायचं होतं. बोलण्यासारखं मात्र काही सापडत नव्हतं, कारण तिला मनापासून हवं होतं की मावशीने हात वर करावा आणि विषय संपवावा.

"खरं सांगायचं तर दोष त्या बाईचा," आई म्हणाली. "अब्रेकुमच्या बेन्यीवाचा. माझी पोर तिच्या मासे सुकवायच्या भट्टीच्या धुरात डोळे फोडून घेत शेवटपर्यंत राहिली. सगळी सुट्टी. आणि तिने काय केलं? एक जाळी मासे जळले म्हणून पोरीला नापास केलं."

"नापास नाही. अपूर्ण."

"कुत्र्याला श्वान म्हटलं म्हणून चावायचा थांबतो का?"

मावशीने पहिल्यांदा अराबाकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि म्हणूनच अराबा चौकटीपासून सरळ झाली.

"बेंत्सिल सरांना विचारलं मी," मावशी म्हणाली. "गावसत्राचा निकाल आणायला तेच गावोगाव फिरतात. म्हटलं, अब्रेकुमला नेमकं काय झालं? तर ते हसायला लागले. म्हणाले, मी बेन्यीवाकडे गेलो, विचारलं, मुलगी पूर्ण झाली का? ती म्हणाली, पूर्ण कशी होईल, ती अजून माझ्या घरी आहे. सरांनी इकडेतिकडे पाहिलं. कुठे आहे? तर म्हणते, बाहेर गेलीय कुठेतरी. घर सोडून गेली असती तर सांगून गेली असती."

मामा खुर्चीत सावरून बसला.

"पुढच्या वर्षी सर पुन्हा गेले. पुन्हा तेच. ती इथेच आहे, तिची चटई बघा."

आणि नाना हसले. आधी खुर्ची करकरली, मग पोट हललं, मग डोळ्यांतून पाणी. ऐकू येत होतं म्हणजे सगळं.

आई हसली नाही. तिचा चेहरा हळूहळू अराबाकडे वळला. "तू वाट मागितली नाहीस?"

या घरात पोस्टमनसुद्धा निघताना वाट मागतो. 'आता मला वाट द्या,' पाहुण्याने म्हणायचं. 'अर्धी देते,' घरच्यांनी म्हणायचं. अर्धी, म्हणजे उरलेल्या अर्ध्यासाठी परत या. पूर्ण वाट फक्त त्यालाच देतात ज्याचं तोंड पुन्हा पाहायचं नसतं. आणि अराबा एका घरात एवढी मोठी सुट्टी जेवली, झोपली, तिथली मक्याची केंकी तिथल्याच ठेच्यात बुडवून खाल्ली, आणि एका पहाटे चालती झाली.

"गाडी मीच लवकर पाठवली होती," मामा पुटपुटला. "टोमॅटो होते मागे. उन्हं वर आली की सडतात."

मामाने दोष आपल्याकडे ओढून घेतला, पण तो त्याचा नव्हता. आदल्या संध्याकाळी अराबाच्या हातून भट्टीतला जाळ भडकला होता आणि तारलीची अख्खी जाळी कोळसा झाली होती. बेन्यीवा रागावली असती, हातातलं फडकं फेकून मारलं असतं, तर बरं झालं असतं. तिने जळलेले मासे एकेक करून उचलले, टोपलीत टाकले आणि जेवायला वाढलं. त्या गप्प बसण्याला अराबा भ्यायली. मोटारीचा आवाज आला तशी बोचकं उचलून धावली. बेन्यीवा तेव्हा होड्यांपाशी होती, शंभर पावलांवर. शंभर पावलं चालवली नाहीत.

"आणि मी," आई म्हणाली, "मी त्या बाईला अख्ख्या बाजारात शिव्या देत फिरले."

झालं. आई बाजू सोडून गेली. मामाच्या लक्षात आलं की आता आपण एकटेच उरलोय, आणि तो घाईने उठला. "आपण जरा म्हातारीला विचारून येऊ."

म्हातारी म्हणजे कुणी नाही. वडीलधाऱ्यांना बाजूला जाऊन आपापसात बोलायचं असलं की असंच म्हणतात, आणि म्हातारी जे सांगेल त्याच्यापुढे कुणी बोलत नाही. आई, मावशी आणि मामा मागच्या अंगणात गेले. व्हरांड्यात राहिले नाना आणि अराबा.

"बस," नाना म्हणाले. "उभं राहून पाय दुखतील. शिक्षा बसूनही ऐकता येते."

ती पायरीवर बसली. "नाना, तुम्हाला वाईट वाटत असेल. तुमचं सत्र काढतायत."

"काढू देत. मला एफुवाने विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, काढ. केलं तेव्हा माझे सगळे दात होते. दात गेले, मी रडलो का?" त्यांनी मांडीवरचा रुमाल झटकला. "मला एक सांग. तुझ्या मावशीची बैठक मंगळवारीच का असते?"

"नेहमीच असते."

"नेहमी म्हणजे कधीपासून? मंगळवारी या किनाऱ्यावर काय होत नाही?"

"मंगळवारी समुद्रावर कुणी जात नाही. समुद्राच्या सुट्टीचा वार."

"मग विद्यापीठाला त्याचं काय?"

अराबाने खांदे उडवले.

"मी बांधला होता तो वार," नाना म्हणाले. "समितीत गावांकडची दोन माणसं बसायची. एक समुद्राकडचा, एक शेताकडचा. समुद्राकडच्याला मंगळवार मोकळा, म्हणून मंगळवार. विद्यार्थी त्यांच्या घरात राहणार, तर कसा राहावा ते त्यांनी नको सांगायला? मग एकदा बैठक इंग्रजीत लांबली आणि ते दोघे भिंतीकडे बघत बसले. एकदा चहा त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. मग एकदा बोलवायचं राहिलं. कुणी काढलं नाही त्यांना. काढलं असतं तर भांडलो असतो मी. नुसतं राहून गेलं. वार तेवढा उरला."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. पुन्हा बहिरे.

अराबा पायरीवर बसून राहिली. समोरच्या आवारात कुणीतरी केंकीचं पीठ कालवत होतं, त्याचा आंबूस वास येत होता. तिला स्वतःचं बोचकं आठवत होतं, मोटारीची उंच पायरी, आणि मागे वळून न पाहण्यासाठी टोमॅटोच्या पेट्यांवर रोखलेली नजर. आणि एकदम, त्याच मोटारीत आपल्या शेजारी मावशीची अख्खी समिती कोंबून बसलेली तिला दिसली, चष्मे सावरत, पुढेच बघत.

म्हातारीला विचारून मंडळी परत आली. मामा उभा राहिला. कापडाचा सोगा खांद्यावर टाकला.

"म्हातारी म्हणते," तो म्हणाला, "एफुवाने आपल्या मनासारखं मत द्यावं. घरातून फोन जाणार नाही. अराबाच्या आईने रीतीप्रमाणे दारूची बाटली घेऊन अब्रेकुमला जावं आणि बेन्यीवाची माफी मागावी, गाडी माझी. आणि एफुवाचं मन सत्र काढायच्या बाजूचं आहे, ते आहेच. म्हणजे मंगळवारी सगळं सुरळीत. अननसं वाया जाणार नाहीत."

सगळे हलके झाले. आईने पदराने तोंड पुसलं. गप्प बसायचं, एवढंच काम आता अराबाकडे उरलं होतं, आणि जगात यापेक्षा सोपं काम नव्हतं.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

मामाने कपाळाला आठी घातली. पण नाना मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "बोलू दे."

"मावशी, समितीने कुणाकुणाला विचारलं? तीन बैठकांत?"

"विभागांना. विद्यार्थ्यांना. पालकांनी तर न विचारताच सांगितलं."

"आणि ज्यांच्या घरी आम्ही राहतो त्यांना?"

"त्यांना नाही," मावशी म्हणाली.

"नानांनी त्यांना खुर्च्या दिल्या होत्या समितीत. म्हणून तर मंगळवार," अराबा म्हणाली. बोलता बोलता तिच्या आवाजाला पाय फुटले. "सत्र काढा तुम्ही. काढलेलंच बरं असेल. मी तिथे बटाट्यासारखी उकडले, मला माहितीये. पण इतकी वर्षं त्यांच्या घरात जेवून विद्यापीठ आता पहाटे गाडीत बसून निघालंय. माझ्यासारखंच."

"अराबा, पुरे," आई म्हणाली. "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस."

"तिला कळतंय ते." मावशी पुढे झुकली. आता ती पाहुणी नव्हती, मावशीही नव्हती, अध्यक्ष होती. "हे बघ. गावांना विचारायचं म्हटलं तर मंगळवारी निर्णय होणार नाही. पदवीदानाच्या आधीही होणार नाही. तोवर नियम आहे तसा राहील, आणि तुझ्या नावापुढचा शेराही. तामालेला मी काय, नानाही काही सांगू शकणार नाहीत. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग पुन्हा सांग. मी परवा यावर बोलणार आहे, मला नीट ऐकायचंय."

अराबाने मामाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर निळं कापड आणि पिवळी अननसं स्पष्ट दिसत होती. "विचारा त्यांना," ती म्हणाली. "आणि बेन्यीवाकडे आई नाही जाणार. मी जाईन. वाट मी मागायची राहिलेय."

मामाने दीर्घ श्वास सोडला. "कापड धुतल्यावर आटत नाही, असं शिंपी म्हणाला," तो कुणालाच न बघता म्हणाला. "पुढच्या वर्षीही होईल."

मावशी उठली. कापड सारखं केलं. "बैठक दुपारी असते," ती म्हणाली. "मंगळवारची सकाळ मोकळी आहे माझी. आता मला वाट द्या."

"अर्धी देतो," नाना म्हणाले.

मंगळवारी अब्रेकुमला होड्या वाळूत पोटावर पडल्या होत्या. पुरुष जाळी शिवत होते, पोरं होड्यांच्या सावलीत लोळत होती. बेन्यीवाच्या आवारात मात्र भट्टी चालू होती. समुद्राला सुट्टी असली तरी सोमवारच्या माशांना ती माहीत नसते. बेन्यीवा पाठमोरी होती. रुंद पाठ, डोक्याला तेच विटकं तांबडं फडकं.

अराबाने वाटेत एक लांबलचक माफी जुळवली होती. ती कुंपणापाशीच कुठेतरी गळून पडली.

बेन्यीवाने मान वळवली. तिला नखशिखांत पाहिलं. "पाण्याला गेली होतीस," ती म्हणाली, "की विहीर खणायला?"

"एनो," तिथे थोरल्या बाईला म्हणतात तसं अराबा म्हणाली, "मी..."

"दुसरी जाळी वर घे. खालची करपेल. तुला सांगायला नको ते."

अराबाने फडकं घेतलं, जाळ्या अदलाबदल केल्या, लाकूड मागे ओढलं. धूर डोळ्यांत गेला, आणि बरंच झालं; डोळ्यांतल्या पाण्याला आता कुणी कारण विचारणार नव्हतं. तिची चटई भिंतीशी गुंडाळून उभी होती.

मावशीला स्टूल मिळालं, पाणी मिळालं. बेन्यीवा समोर बसली आणि येण्याचं कारण विचारलं. मावशीने सांगितलं: समिती, सत्र, काढायचा विचार, आणि विचारायचं राहून गेलं ते. एकही मोठा शब्द वापरला नाही. अराबाने मावशीला इतकं सोपं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"पोरं येतात," बेन्यीवा म्हणाली. "अर्धी रडतात. काही मासे जाळतात. एकाने माझ्या नातवाला इंग्रजी शिव्या शिकवल्या. एकीने त्याला वाचायला शिकवलं. जेवणाचे पैसे तुम्ही देता ते उशिरा देता." ती थांबली. "काढायचं तर काढा. पण मला सांगायचंय ते बरंच आहे, आणि ते या स्टुलावर मावणारं नाही."

"दुपारी बैठक आहे," मावशी म्हणाली. "याल? बोलणं आपल्या भाषेत होईल, हे माझ्याकडे लागलं."

बेन्यीवाने होड्यांकडे पाहिलं. "मंगळवार तर आहे," ती म्हणाली. "येईन."

ती हात धुवायला उठली, तेव्हा अराबा भट्टीपासून पुढे आली. हाताला राख, नाकाला काजळी. गुडघे किंचित वाकवून म्हणाली, "एनो, मला वाट द्या."

बेन्यीवाने हात पुसले. पुसायला जरा जास्तच वेळ घेतला. "अर्धी देते," ती म्हणाली. "बेंत्सिलला आज भेटेनच तिथे. सांगेन, पोरगी निघाली. पूर्ण झाली."

तामाले, काळा झगा, अननसं, सगळं एकदम अराबाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिने नुसती मान हलवली.

"पण आत्ता नाही निघायचं," बेन्यीवा म्हणाली. "मी बैठकीला जाणार, मग भट्टी कोण बघणार? तुझी मावशी? तिच्याकडे बघून तर वाटतं, तिला चहासुद्धा लागतो."

"लागतो," मावशीने कबूल केलं.

बेन्यीवाने घरात जाऊन चांगलं कापड नेसलं, कानात सोनं घातलं. मामाच्या मोटारीपर्यंत गेली आणि काहीतरी विसरल्यासारखी उलट फिरली. भट्टीपाशी येऊन अराबासमोर उभी राहिली. हात समोर जोडलेले, चेहरा गंभीर, रीतीला धरून.

"घरधनीणबाई," ती म्हणाली, "मला वाट द्या."

अराबाने खालचं लाकूड थोडं मागे ओढलं, जाळ बसू दिला, आणि मग वर पाहिलं.

"अर्धी देते," ती म्हणाली.